ॲसिडिटीच्या गोळीआड लपलेला जंतू

दोन घास खाल्ले की पोट गच्च भरल्यासारखं होतं. जेवून तीन तास झाले तरी अन्न जागचं हललेलंच नाही असं वाटतं. बरगड्यांच्या खाली आणि बेंबीच्या वर कधी जळजळतं, कधी नुसतंच दुखत राहतं, ढेकरा थांबत नाहीत. असं एखाद्या दिवशी झालं तर ते साधं अजीर्ण, ते आपोआप निवळतं. पण हेच महिनोन् महिने चाललं की माणूस त्याच्याशी जुळवून घ्यायला लागतो. खिशात ॲसिडिटीची गोळी येते, हळूहळू ती रोजची होते आणि बंद केली की काही दिवसांत सगळं पहिल्यासारखं. अशा माणसाला मला एकच विचारावंसं वाटतं: जठरात एच. पायलोरी नावाचा जंतू आहे का, हे कधी तपासून घेतलंय?

बहुतेकदा ‘नाही’ असं उत्तर येतं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. जुनाट अपचनाच्या पुष्कळ कारणांवर नेमकं बोट ठेवता येत नाही, या एका कारणावर ठेवता येतं. तपासणी सोपी आहे, उपचार साधारण दोन आठवड्यांचा आहे आणि जंतू गेला की नाही हे नंतर पुन्हा तपासून पाहता येतं. तरीही लोक वर्षानुवर्षं फक्त जळजळ दाबत राहतात.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा मळसूत्रासारखा पीळ असलेला जंतू. त्याच्या एका टोकाला चार-सहा शेपट्या असतात आणि त्यांच्या जोरावर तो घट्ट, बुळबुळीत पदार्थातूनही पोहत जातो. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की अन्नाबरोबर गेलेले बहुतेक जंतू तिथेच मरतात. हा मरत नाही, कारण त्याच्याकडे युरिएज नावाचं एन्झाइम भरपूर असतं. आपल्या जठररसात थोडा युरिया असतोच. युरिएज त्या युरियाचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. अमोनियामुळे जंतूच्या अवतीभवतीचं आम्ल सौम्य होतं आणि तेवढ्या उसंतीत तो जठराच्या अस्तरावरच्या चिकट श्लेष्माच्या थरात शिरतो. त्या थराच्या तळाशी आम्लाचा जोर फारसा पोचत नाही. जठराने स्वतःच्या रक्षणासाठी घेतलेलं पांघरूण हा जंतू आपल्या अंगावर ओढून घेतो आणि औषध दिलं नाही तर बहुधा आयुष्यभर तिथेच राहतो.

लागण बहुतेक वेळा लहानपणीच होते, तीही जवळच्या माणसांकडून: लाळ, उलटी, शौचानंतर नीट न धुतलेले हात, दूषित पाणी. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या जठरात तो असावा असं मानलं जातं. माणसाची आणि त्याची सोबत फार जुनी आहे. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं शरीर सापडलं, त्याला ओट्झी म्हणतात. त्याच्या जठरातही या जंतूची जनुकं मिळाली. म्हणून तपासणीत जंतू निघाला तर आपलं काहीतरी चुकलं, आपण अस्वच्छ राहिलो, अशी लाज बाळगण्याचं काहीच कारण नाही.

या जंतूवर विश्वास ठेवायला डॉक्टरांनाही वेळ लागला. अल्सर म्हणजे जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तराला पडलेली जखम. ‘आम्ल नाही तर अल्सर नाही’ हे सूत्र १९१० पासून चालत आलं होतं. दोष जायचा तो काळजीला, तिखटाला, धावपळीला. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला जठराच्या तुकड्यांवर वाकडे जंतू दिसले आणि जिथे ते दिसत तिथे सूजही दिसे. १९८१ पासून बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर काम करू लागले. जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा जास्त दिवस तशाच राहून गेल्या आणि त्यांत जंतू उगवलेला मिळाला. तो नुसता सावकाश वाढणारा होता. तरीही लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जंतूंचं द्रावण प्यायले. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, आणि तोंडातून दुर्बीण घालून घेतलेल्या तुकड्यात जठराला सूज आलेली दिसली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं.

जंतू आहे म्हणजे अपचन त्याच्यामुळेच, असं मात्र लगेच म्हणता येत नाही. ज्याच्या जठरात तो असतो त्याच्या अस्तराला थोडीफार सूज असतेच, पण बहुतेकांना ती आयुष्यभर जाणवतही नाही. फरक कशाने पडतो? सूज जठराच्या कुठल्या भागात आहे यावर बरंच काही ठरतं. जठराच्या खालच्या टोकाला आम्लाचा लगाम धरणाऱ्या पेशी असतात. मुख्यतः तिथे सूज आली की लगाम सैल पडतो, आम्ल जास्त सुटतं आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होऊ शकतो. सूज वरच्या, मोठ्या भागात पसरली तर उलटं होतं: आम्ल तयार करणाऱ्या पेशीच झिजत जातात, आम्ल कमी होतं आणि अनेक वर्षांनी कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. आकडा मोठा नाही, लागण झालेल्या १०० जणांपैकी साधारण १ ते ३. अल्सर मात्र १० जणांना तरी कधी ना कधी होतो.

अल्सर असेल तर जंतू मारण्याचा फायदा डोळ्यांत भरण्यासारखा असतो. पूर्वी आम्ल कमी करून अल्सर भरायचा आणि गोळ्या थांबवल्या की अर्ध्याहून अधिक लोकांना वर्षभरात तो परत व्हायचा. जंतू गेल्यावर परत होणारे थोडेच उरतात.

ज्यांना अल्सर नाही, दुर्बिणीतून सगळं ठीक दिसतं, फक्त अपचन आहे आणि जंतू आहे, त्यांना खरा आकडा आधीच सांगायला हवा. बऱ्याच अभ्यासांची बेरीज केल्यावर असं दिसतं की अशा १४ जणांना जंतूवरचा उपचार दिला, तर उपचाराविना जेवढे बरे झाले असते त्यापेक्षा एक जण जास्त बरा होतो. बाकीच्यांना बरं वाटत नाही असं नाही, पण अपचन कुणाचं आपोआपही कमी-जास्त होत असतं. हा आकडा ऐकून ‘मग कशाला?’ असं वाटणं साहजिक आहे. माझं मत तरीही उपचार घ्यावा असंच आहे. तो एक बरा होणारा माणूस रोजच्या गोळीतून सुटतो, आणि उरलेल्या १३ जणांचाही पुढे अल्सर होण्याचा आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. २०१५ साली जाहीर झालेल्या, तज्ज्ञांच्या क्योटो परिषदेच्या एकमताने तर जंतूमुळे होणाऱ्या अपचनाची व्याख्याच ठरवली आहे. जंतू गेल्यानंतर ६ ते १२ महिन्यांनीही त्रास गेलेलाच राहिला तर ते अपचन जंतूमुळे होतं, नाही तर ते वेगळं. म्हणजे जंतू दोषी होता की नाही याचा निकाल तो गेल्यावरच लागतो.

तपासणीकडे वळण्याआधी काही खुणा अशा आहेत की ज्यांत घरी थांबून चालत नाही. प्रयत्न न करता वजन घटणं, गिळताना अडकणं, सारख्या उलट्या, उलटीतून रक्त, डांबरासारखं काळं चिकट शौच, रक्त कमी होणं, जवळच्या नात्यात कुणाला जठराचा कर्करोग झालेला असणं किंवा साठीच्या पुढे पहिल्यांदाच असं अपचन सुरू होणं. यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना लवकर गाठावं, कारण अशा वेळी बहुधा एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी, करावी लागते. सांधेदुखी-डोकेदुखीच्या गोळ्या किंवा ॲस्पिरिन रोज चालू असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगावं. या गोळ्या एकट्याही जठराला जखमा करतात आणि जंतूच्या जोडीला आल्या की धोका आणखी वाढतो.

बाकीच्यांना दुर्बिणीची गरज सहसा पडत नाही. श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुरते. श्वासाची चाचणी मला फार आवडते, कारण जंतू ज्या हत्याराच्या जोरावर जगतो तेच हत्यार त्याची चुगली करतं. उपाशीपोटी तुम्ही आधी एका पिशवीत किंवा नळीत फुंकता. मग थोडा युरिया प्यायला देतात. त्यातला कार्बन नेहमीपेक्षा किंचित जड असतो, कार्बन-१३, आणि तो किरणोत्सारी नसतो. अर्धा तास बसायचं आणि पुन्हा फुंकायचं. जंतू असेल तर त्याचं युरिएज हा युरिया तोडतं, जड कार्बनचा कार्बन डायऑक्साइड रक्तात उतरतो आणि फुप्फुसांतून श्वासात येतो. जंतू नसेल तर तो युरिया तसाच निघून जातो. एंडोस्कोपी झालीच तर जठराचा कणभर तुकडा पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. अमोनिया सुटला की पिवळा रंग गुलाबी-लाल होतो. युक्ती तीच. शौचाच्या तपासणीत जंतूचे प्रथिनांचे अंश थेट शोधतात, तीही तितकीच भरवशाची आहे. रक्तातल्या प्रतिपिंडांच्या (जंतूशी लढायला शरीर बनवतं त्या प्रथिनांच्या) तपासणीवर मात्र उपचार ठरवू नये असं मला वाटतं. जंतू जाऊन वर्षं झाली तरी प्रतिपिंड रक्तात सापडत राहतात.

सर्वात जास्त घोटाळा याच टप्प्यावर होतो. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, राबेप्रॅझोल यांसारखी आम्ल रोखणारी गोळी चालू असताना तपासणी केली तर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. या गोळ्यांमुळे जंतूंची संख्या घटते आणि ते जठराच्या वरच्या भागात सरकतात, पण मरत नाहीत. म्हणून तपासणीआधी या गोळ्या २ आठवडे बंद ठेवायच्या असतात, आणि ॲन्टिबायोटिक किंवा बिस्मथ (पोटासाठी दिलं जाणारं, जंतूवरही चालणारं औषध) घेऊन निदान ४ आठवडे झालेले असावे लागतात. ज्याला रोज गोळीशिवाय चैन पडत नाही त्याला हे दोन आठवडे जड जातात, हे मला कळतं. गोळी अचानक थांबली की आम्ल काही दिवस उसळून येतं. त्या काळात आम्ल तात्पुरतं शमवणारी साधी अँटासिड औषधं चालतात, त्यांनी चाचणी बिघडत नाही. ज्यांना अल्सरमधून रक्तस्राव झालेला आहे त्यांनी मात्र गोळी स्वतःहून थांबवू नये, डॉक्टरांना विचारून ठरवावं.

जंतू निघाला की उपचार एका औषधाने होत नाही. तो श्लेष्माखाली दडलेला असतो, सावकाश वाढतो आणि बहुतेक ॲन्टिबायोटिक वाढत्या जंतूंवरच नीट चालतात. पूर्वी क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन ही दोन ॲन्टिबायोटिक आणि आम्ल रोखणारी गोळी असा तिहेरी उपचार सरसकट दिला जायचा आणि तो बहुतेकांना लागूही पडायचा. क्लॅरिथ्रोमायसिन घसा-छातीच्या आजारांसाठीही भरपूर वापरलं गेलं आणि जंतूमध्ये एवढासा बदल झाला की ते निकामी होतं. म्हणून जंतूवर ते चालतं हे आधी तपासलेलं नसेल तर आता ते टाळायला सांगतात. आज बहुतेक ठिकाणी पहिली पसंती चौपदरी उपचाराला आहे: आम्ल रोखणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल, तेही १४ दिवस.

चौघांची कामं वेगवेगळी आहेत. आम्ल रोखणारी गोळी इथे जळजळीसाठी नसते. आम्ल उतरलं की जंतू वाढायला लागतो आणि वाढायला लागला की ॲन्टिबायोटिकच्या तावडीत सापडतो. बिस्मथ जंतूच्या आवरणावर घाव घालतं आणि त्याला जंतू सरावल्याचं आजवर दिसलेलं नाही. दोन ॲन्टिबायोटिक अशासाठी की एकाला न जुमानणारे जंतू दुसऱ्याने मरावेत. व्होनोप्रॅझॅन नावाची आणखी जोरदार आम्ल रोखणारी गोळी आता काही देशांत अमॉक्सिसिलिनबरोबर देतात. कुणाला कोणता मेळ द्यायचा हे आधी घेतलेल्या औषधांवर आणि ॲलर्जीवर ठरतं, म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती न विचारताही सांगावी. गरोदरपणात हा उपचार शक्यतो बाळंतपणानंतरवर ढकलतात, आणि लहान मुलांचा प्रश्न पूर्णपणे बालरोगतज्ज्ञांवर सोडावा.

कागदावर ‘१४ दिवसांचा कोर्स’ हे तीन शब्द वाटतात. प्रत्यक्षात सकाळी जेवणाआधी अर्धा ते एक तास आम्लाची गोळी, कारण जठरातले आम्लाचे पंप चालू होण्याआधी ती रक्तात असावी लागते. मग न्याहारीबरोबर तीन गोळ्या, दुपारी तीन, संध्याकाळी पुन्हा आम्लाची गोळी, मग जेवणाबरोबर तीन, झोपताना परत दोन-तीन. दिवसाला १३-१४ गोळ्या झाल्या, दोन आठवड्यांत जवळपास १९०. त्यात टेट्रासायक्लिन दुधाबरोबर, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलं तर शोषलंच जात नाही, मध्ये दोन-तीन तासांचं अंतर हवं. मेट्रोनिडॅझोलबरोबर दारू पूर्ण बंद, कोर्स संपल्यावरही दोन-तीन दिवस. टेट्रासायक्लिनमुळे उन्हात त्वचा लवकर भाजते. हे सगळं लक्षात ठेवणं सोपं नाही. सकाळी चार वाट्यांत गोळ्या मांडून ठेवायच्या आणि फोनवर चार गजर लावायचे, एवढी तयारी पहिल्या दिवसाआधीच करावी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, पोट सैल होतं. जीभ काळी पडते, शौच काळं होतं. हा काळा रंग बिस्मथचा असतो आणि कोर्स संपला की जातो. नेमकं इथेच घाबरून बरेच लोक गोळ्या सोडतात, कारण हे होणार आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मला हे अक्षम्य वाटतं. एका मिनिटाच्या बोलण्याने वाचला असता असा उपचार वाया जातो आणि अर्धवट मारातून वाचलेले जंतू त्या औषधाला सरावलेले असण्याची शक्यता वाढते. काळा रंग आणि रक्तस्राव यांतला फरक मात्र ओळखावा: रक्ताचं शौच डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असतं, सोबत चक्कर आणि थकवा असतो. अंगावर पुरळ, श्वास लागणं, तीव्र जुलाब असं काही झालं तर लगेच डॉक्टरांना फोन करावा. नुसती मळमळ असेल तरीही गोळी सोडण्याआधी फोन करावा, बऱ्याचदा वेळ किंवा औषध थोडं बदलून निभावता येतं. प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जंतूंची औषधं, घेतल्याने जुलाब थोडे कमी होऊ शकतात, एकट्या त्यांच्यावर भिस्त ठेवून जंतू मात्र जात नाही.

कोर्स संपला की बरं वाटतं आणि माणूस गोष्ट संपली असं समजतो. नीट घेतलेला कोर्सही काही जणांत फसतो, आणि बरं वाटणं हा जंतू गेल्याचा पुरावा नाही. ॲन्टिबायोटिक संपल्यावर निदान ४ आठवड्यांनी, आम्लाची गोळी २ आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुन्हा करायची. ही दुसरी तपासणी प्रत्येकाने करावी, त्रास उरला असो वा नसो. जंतू शिल्लक निघाला तर तोच कोर्स पुन्हा करत बसू नये. पहिल्या वेळी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन हे दुसरं ॲन्टिबायोटिक दिलं असेल तर ते दुसऱ्यांदा घेण्यात अर्थ नसतो, मेळ बदलावा लागतो आणि शक्य असेल तर जंतू कशाला दाद देतो हे तपासून घ्यावं.

जंतू गेला, तरी अपचन आहे तसंच आहे, असंही होतं. सूज पुरती उतरायला महिने लागतात, म्हणून पहिले काही महिने धीर धरावा. त्यानंतरही त्रास राहिला तर तो खोटा आहे किंवा मनाचा खेळ आहे असं कुणाला म्हणू देऊ नका. जेवताना जठराचा वरचा भाग सैल होऊन अन्नाला जागा करून देतो, काहींचं जठर तसं सैल होत नाही. काहींच्या जठराच्या नसा जास्त जाग्या असतात आणि इतरांना न जाणवणारा ताण त्यांना दुखतो. यावर काही आठवडे आम्ल रोखणारी गोळी, जठराची हालचाल सुधारणारी औषधं किंवा नसा शांत करणारं ॲमिट्रिप्टिलिनसारखं औषध अगदी कमी मात्रेत देतात. ते नैराश्यावरचं औषध आहे म्हणून दचकू नये, इथे त्याचं काम वेगळं आहे.

मोठ्या माणसाला जंतू एकदा गेल्यावर पुन्हा लागण होणं, पाणी आणि स्वच्छता चांगली असेल तिथे, फार क्वचित घडतं. म्हणून दुसऱ्या तपासणीत ‘नाही’ आलं की दरवर्षी तपासत राहायची गरज नसते. तो अहवाल मात्र, कोणत्या औषधांचा मेळ घेतला त्या कागदासह, जपून ठेवा. पाच वर्षांनी एखाद्या नव्या डॉक्टरांनी रक्ताची तपासणी केली आणि प्रतिपिंड दिसले, तर हेच दोन कागद पुन्हा एकदा १९० गोळ्या घेण्यापासून तुम्हाला वाचवतील.